गुडघ्याची पुडी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. पोलीस खात्यात तीसेक वर्षं काढली. खून, दरोडे, दंगली पाहिल्या. कित्येक तपास फसले, आरोपी डोळ्यांदेखत सुटले. त्याची चुटपुट वाटते, लाज वाटत नाही. लाज वाटते ती अशा एका प्रकरणाची, ज्यात माझा तपास यशस्वी झाला आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. नाव कुणाचंच लिहीत नाही.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यात, महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. घर मात्र जळगावला, मेहरूणमध्ये. साप्ताहिक सुटी मिळाली तर घरी जायचं, नाहीतर ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये डबा खाऊन पडायचं. मेहरूणला आमच्या शेजारी नाना राहायचे. रावेरकडचे केळीवाले. मुलाच्या खेळापायी त्यांनी जळगावात बिऱ्हाड केलं होतं. आमच्याकडे क्रिकेट सोडून दुसरं काही खेळणारा म्हणजे वाया गेलेला, अशी समजूत. नानांचा मुलगा मात्र दक्षिणेकडच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात बचाव फळीत खेळत होता, टीव्हीवर दिसत होता. मीही तरुणपणी पोलीस संघातून खेळलेला. तो मला काका म्हणायचा आणि मी गल्लीभर त्याच्या नावाने मिरवायचो.

सव्विसाव्या वर्षी त्याचा गुडघा सुजला. क्लबच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून तो घरी आला. करार संपत आला होता. नवा करार हवा तर हंगामाच्या सुरुवातीलाच मैदानात दिसायला हवं, ही त्याची काळजी. इथे मी मध्ये पडलो.

माझे गुडघे केव्हाच गेले होते. सोनगीरच्या पुढे एका वस्तीवर एक वैद्य गुडघ्याची पुडी देत असे. लोक त्याला बाबा म्हणत. वर्षभर मी ती पुडी घेत होतो आणि जिना धडाधड चढत होतो. इतका खूश की, एका गुरुपौर्णिमेला गणवेशात जाऊन मी त्या बाबाचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. त्याने तो फोटो मोठा करून दर्शनी भिंतीवर लावला. ठाणेदाराचा फोटो म्हटल्यावर गर्दी वाढणारच. मी नानांच्या मुलाला त्या वैद्याचा पत्ता दिला. त्यानेही पुडी सुरू केली.

पंधरा दिवसांत सूज उतरली. तो क्लबात परतला, खेळला. एका सामन्यानंतर त्याच्या लघवीचा नमुना घेतला आणि त्यात स्टेरॉइड सापडलं. तत्काळ निलंबन. आमच्याकडच्या पेपरात मथळा आला, ‘जळगावचा खेळाडू उत्तेजकांच्या जाळ्यात’. काल हार घालणारे लोक आज नानांच्या दारावरून मान वळवून जाऊ लागले.

चार दिवसांनी नाना धुळ्याची बस धरून ठाण्यात आले. नोटीस पिशवीत घडी घालून आणलेली. खुर्ची दिली तरी टेकून बसले नाहीत.

“भाऊ, मले फक्त येवढं सांगा,” ते म्हणाले, “त्या पुडीत काय व्हतं? माह्या पोऱ्यानं दुसरं काहीच खाल्लं नाही.”

मी म्हणालो, “नाना, झाडपाल्याची पुडी आहे हो. मी स्वतः घेतो.”

ते गेले. मी मात्र त्या दिवशीची पुडी हातात घेऊन बराच वेळ बसलो. शेवटी घेतली. गुडघा दुखत होता.

खबर मिळाली ती आठवड्याभराने, तीही खबर म्हणून नाही. त्या वस्तीवर गिरणी चालवणारी एक अक्का भांडण घेऊन आली. “साहेब, हाऊ बाबा मना गिरणीवर पांढऱ्या गोळ्या दळी लेस. मंग बठ्ठा पीठले कडू चव येस. लोके माले बोलतस.” गोळ्यांच्या भुकटीने सगळ्यांचं पीठ कडू होत होतं, म्हणून तिला बाबाला फक्त गिरणीवर यायची बंदी हवी होती. ठाण्यात माणसं बहुतेक वेळा बारीक गाऱ्हाणं घेऊन येतात आणि मोठा गुन्हा त्याच्याच पोटात असतो. नुसतं ऐकून घेतलं तरी निम्मा तपास होतो. मी ऐकून घेतलं.

स्टेशन डायरीला नोंद केली, औषध निरीक्षकांना बोलावलं, दोन पंच घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छापा घातला. वस्तीवर पोहोचल्यावर मी पंचांना अंगणातच थांबायला सांगितलं आणि आधी एकटा आत गेलो. समोरच्या भिंतीवर मी होतो, गणवेशात, हसत. मी फोटो उतरवला, मागच्या दाराने जाऊन गाडीत सीटखाली ठेवला आणि मग पंचांना आत बोलावलं.

आमचे हवालदार पंचनामा लिहायला बसले. जुने, चोख माणूस. खोलीची लांबी-रुंदी, दारं, खिडक्या सगळं लिहीत समोरच्या भिंतीशी आले. तिथे खिळा होता आणि खिळ्याखाली चुन्याचा पांढराशुभ्र चौकोन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, खिळ्याचं लिहू?”

“खिळ्याचं काय लिहायचं?” मी म्हणालो.

त्यांनी पुढची ओळ घेतली. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

आतल्या कोठीत गोळ्यांचे डबे, दळलेली भुकटी आणि रंगासाठी हळद-सुंठ सापडली. मुद्देमाल सील केला. बाबाला ताब्यात घेतलं. तरी तो बधेना. ठाण्यात दोन तास तो वनस्पतींची नावं सांगत राहिला. खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, हे मी नेहमी पाहिलेलं. मी आवाज चढवला नाही. पाणी प्यायला उठा म्हणालो, तर तो भिंतीला हात लावून, कण्हत उठला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“बाबा, तुमचेच गुडघे दुखतात. तुम्ही का नाही घेत पुडी?”

तो खाली बघत म्हणाला, “माले साखर शे, साहेब. हाई पुडी लिधी ते साखर वाढस.”

झाडपाल्याने साखर वाढत नाही, स्टेरॉइडने वाढते. गुन्हा उलगडला तो तिथे. गोळ्या कुठून आणायचा, किती मिसळायचा, सगळं त्याने सांगितलं. शेवटी हवालदारांसमोरच मला म्हणाला, “तुम्ही भी आते सोडी द्या, पन हळूहळू सोडा. एकदम बंद करू नका.” त्या खोलीत आरोपीला माझी काळजी वाटत होती. मला नानांच्या मुलाची वाटायला हवी होती, पण मी विचार करत होतो तो हवालदार हे कुठे बोलतील का याचा.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पुडीत तेच स्टेरॉइड होतं. मला वाटलं, पोरगा सुटला. पण नाना पुन्हा आले. वकिलाने त्यांना सांगितलं होतं की पुडीत औषध होतं एवढ्याने भागत नाही. खेळाडूने ती दुखण्यासाठी आणि न कळता घेतली, खेळात जोर यावा म्हणून नाही, हे सांगणारा घराबाहेरचा माणूस लागतो.

“तुमच्या सांगण्यावरून गेला व्हता तो. तुमचा येक कागद द्या, भाऊ. बास.”

मी म्हणालो, “मी तपास अधिकारी आहे नाना. मला असा कागद देता येत नाही.”

हे अर्धंच खरं होतं. वरिष्ठांना एका पानाचा अहवाल देऊन तपास दुसऱ्याकडे सोपवायचा आणि आपण साक्षीदार व्हायचं, एवढाच मार्ग होता आणि मला तो पाठ होता. पण निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, पदकासाठी माझं नाव वर गेलं होतं. गणवेशात भोंदू वैद्याचा सत्कार, मग तो फोटो लपवणं! खातेनिहाय चौकशी लागली असती. मी घाबरलो. याला दुसरा शब्द नाही. नानांनी पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे चालत गेले.

दोन वर्षांची बंदी बसली. निकालाची प्रत नानांनी मला वाचायला दिली, का ते माहीत नाही. त्यात एक वाक्य होतं. वैद्याची माहिती कोणी दिली, या प्रश्नाला खेळाडूने उत्तर दिले नाही. सुनावणीत त्याला तीनदा विचारलं होतं. त्याने माझं नाव घेतलं असतं, तर त्यांनी मला बोलावलं असतं आणि मला खरं सांगावं लागलं असतं. शेजारच्या काकांची नोकरी जाऊ नये म्हणून तो गप्प बसला. क्लबाने करार मोडला. बंदी संपल्यावर कुणी विचारलं नाही. आता तो केळीच्या गाड्या भरून द्यायचं काम करतो. मला पदक मिळालं. ते कपाटात आहे. तो फोटोही तिथेच आहे, उलटा करून ठेवलेला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारेल. आयुष्यभर मी लोकांचे जबाब घेतले, पण एक साधा जबाब द्यायची हिंमत मला झाली नाही. जबाब सांगणाऱ्याला वाचून दाखवायचा, त्याने दुरुस्ती सांगितली तर मूळ ओळ न खोडता खाली लिहायची, अशी आमची पद्धत. इथे सांगणारा मीच होतो आणि दुरुस्ती सांगू शकेल असा माणूस एकच होता. म्हणून हे लिहून झाल्यावर मी कागद घेऊन शेजारी गेलो. नानांचा मुलगा नुकताच कामावरून आला होता. हातावर केळीच्या चिकाचे काळे डाग. उभ्यानेच त्याने सगळं वाचलं.

“काका, एक दुरुस्ती आहे,” तो म्हणाला. “पत्ता दिला असं लिहिलंय तुम्ही. पत्ता नव्हता दिला. तुम्ही मला सरकारी गाडीतून घेऊन गेलात. मी म्हणालो, क्लबच्या डॉक्टरांना एकदा विचारतो. तुम्ही म्हणालात, त्यांना काय कळतंय, मी घेतो ना! आणि पहिली पुडी तुम्हीच तुमच्या बाटलीतल्या पाण्यात कालवून माझ्या हातात दिली.”

मी विसरलो होतो असं म्हणालो, तर तेही खोटं होईल. वरची ओळ मी खोडलेली नाही. निवृत्तीनंतर, लाज वाटते म्हणून लिहायला बसलो, तरीही मी भिंतीवरून फोटो उतरवतच होतो, हे वाचणाऱ्याला दिसू द्या.

त्याने कागद माझ्या हातात परत दिले.

“बाकी बरोबर आहे,” म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.