आण्णांचा डबा आणि कॉम्प्युटरचं घड्याळ

आमच्या सांगलीच्या बुद्धिबळ मंडळाकडे ट्रॉफ्या मोजक्याच, किस्से मात्र कपाटात मावणार नाहीत इतके! लोक ऐकून हसतात. मला हल्ली चीड येते.

सगळे किस्से वर्धापनदिनाच्या ‘माणूस विरुद्ध कॉम्प्युटर’ सामन्याचे. माणूस ठरलेला : आमचे आण्णा, हळदीचे व्यापारी, वय सत्तरीपुढचं. कॉम्प्युटरचे मोहरे पटावर हलवायला सुहास. त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. आण्णांची इच्छा एकच : एकदा तरी बरोबरी!

*

पहिल्या वर्षी कुणीतरी सुचवलं, “कॉम्प्युटरचा वजीर काढून खेळू. आण्णांना चान्स तरी मिळेल!”

आण्णा ताडकन उठले. “समोरच्याचा हात बांधून कुस्ती करत्यात व्हय रं? ठेव त्याचा वजीर!”

अर्ध्या तासात हरले. सुहासने लगेच स्टेटस टाकलं, “मशीन जिंदाबाद!”

*

पुढच्या वर्षी सुहासने चुकून भलत्याच घोड्याला हात लावला. हात लावलेला मोहरा खेळायचाच, हा नियम. साताऱ्याहून आलेले पंच म्हणाले, “हात सुहासचा होता, कॉम्प्युटरचा नव्हे. माफ!”

आण्णाही म्हणाले, “बराबर हाय. मशीनचा काय दोष?”

थोड्या वेळाने आण्णांचा हात चुकून उंटाला लागला. पंच म्हणाले, “आण्णा, नियम म्हणजे नियम!”

आण्णांनी उंट हलवला. तिथेच डाव गेला.

*

त्याच्या पुढच्या वर्षी लाइट गेली. पंचांनी घड्याळ थांबवलं. “टेक्निकल प्रॉब्लेम!” लाइट येईपर्यंत सगळ्यांनी भडंग खाल्लं, आण्णा तेवढे पटासमोर चाल शोधत बसले.

खेळ पुन्हा सुरू झाला तोवर ऊन उतरलं होतं. आण्णा जैन, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण घेत नाहीत. डबा हातात घेऊन म्हणाले, “सर, दोन घास खाऊन घेतो. घड्याळ थांबवता?”

“तो तुमचा पर्सनल प्रॉब्लेम!”

आण्णा उपाशी खेळले आणि उपाशी हरले.

*

मी मीटिंगमध्ये भांडलो. मंडळाने अगदी समान न्याय केला! नवा नियम : घड्याळ कुणासाठीच थांबणार नाही.

“आता तरी फेअर झालं ना?” सुहास म्हणाला.

त्याच मीटिंगमध्ये कॉम्प्युटरऐवजी लॅपटॉप मंजूर झाला, म्हणजे लाइट गेली तरी चालेल. आण्णांसाठी काही मंजूर करावं असं कुणाला सुचलं नाही. माझं डोकंच फिरलं.

*

आणि यंदा! संध्याकाळ होत आलेली, डाव अगदी बरोबरीत. कॉम्प्युटरची खेळी होती, आणि लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. बॅटरी संपली. सुहास चार्जर घरी विसरला होता!

घड्याळ कॉम्प्युटरचं चालू. पंच म्हणाले, “नियम म्हणजे नियम. वेळ संपली की आण्णा विजयी.”

मी आनंदाने आण्णांचा खांदा दाबला. “बरोबरी काय घेऊन बसलात, जिंकलात की!”

आण्णांनी हात लांब केला आणि घड्याळ थांबवलं.

“आवं आण्णा, काय करताय!” मी ओरडलो.

“उपाशी गड्याला पाडू व्हय? सुहास, जा रं, घेऊन ये त्याचं जेवण.”

पंचांनी खांदे उडवले. “तुमची मर्जी.”

“मग तोवर तुम्ही तरी खाऊन घ्या,” मी डबा पुढे सरकवला.

“समोरचा उपाशी बसलाय. मी कसा खाऊ?”

चार्जर आला तेव्हा दिवस मावळला होता. लॅपटॉप सुरू झाला. बघता बघता आण्णांचा राजा कोंडला गेला.

आण्णांनी हात पुढे केला. सुहास लॅपटॉपसोबत सेल्फी काढत होता.

आण्णांनी हात मागे घेतला, न उघडलेला डबा पिशवीत ठेवला आणि विचारलं, “पोट भरलं का रं त्याचं?”