पगारेनानांचा कान

देवळालीला तोफांचा सराव चालू असो, खिडक्यांची तावदानं थडथडत असोत, खिशातली काडीपेटी पगारेनानांना वीस पावलांवरून ऐकू यायची. आत किती काड्या उरल्यात तेही ते ओळखतात, असं मी गावभर सांगायचो. नाशिक रोडला आमच्या छापखान्याच्या फाटकावर ते पहारेकरी. आत कागदाचे डोंगर. म्हणून बिडी-काडी त्यांच्यापाशी ठेवायची आणि सुटताना परत घ्यायची, असा नियम.

परत देताना मात्र बंडल हातात धरून नाना विचारत, "आत्ताच पायजे, का स्टेशनापर्यंत दम काढशील?" कुणी "काढतो" म्हणालं, की ड्यूटी संपवून, सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चालत निघायचे. वाटेत त्याच्या तळहातावर फुटाणे ओतायचे. "तल्लफ पाव्हणी असती गड्या. पाट मांडू नको, उभी राहून राहून जाती." असं त्यांनी अर्ध्या नाशिक जिल्ह्याला सोडवलं. बरं, खरं सांगतो, सात-आठ जणांना.

त्यांत मी नव्हतो. मी दर सोमवारी बिडी सोडायचो आणि बुधवारी खाली मान घालून बंडल परत मागायचो. नाना रागावत नसत. "पडला? पड. पन पडल्या जागी झोपू नको." एकदा विचारलं, "नाना, तुम्हाला काय पडलंय एवढं?" म्हणाले, "मी तीस वर्सं ओढली. फाटकावर इचारनारं कुनी भेटलं नाय." मग खोकला आला. खोकून होईपर्यंत त्यांनी फाटकाची सळई धरून ठेवली होती.

त्याच खोकल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. फुप्फुस पार गेलं होतं. दारासारखा रुंद माणूस, चादरीवरच्या सुरकुतीएवढा उरला होता.

"सुटली का रे?"

"सुटली की नाना! तीन महिने झाले. आता त्र्यंबकेश्वरात कुणी पेटवली तरी मला इथं ठसका लागतो."

नाना हसले नाहीत. मी उशी सारखी करायला वाकलो आणि माझ्या खिशात काडीपेटी वाजली. अगदी हळू. माझ्या थापा सगळ्या नाशिक रोडनं पचवल्या होत्या. ही तिथेच मेली. नानांनी हात उताणा करून पुढे धरला, फाटकावर धरायचे तसा. मी पेटी त्यावर ठेवली.

"आजपास्नं मोज," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी नाना गेले. पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी, आमच्या नानी, बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमची काडीपेटी हाय माझ्यापाशी. मागितली तर दे, म्हनले होते."

एरवी माझी जीभ रेल्वेच्याही पुढे धावते. त्या दिवशी एवढंच निघालं, "राहू द्या."

आणि स्टेशनापर्यंत चालत गेलो. तळहात उगीचच उघडा धरला होता.