रोमेदच्या डोक्यावरचा क्रूस

कास्यानकडे कुणी नवसाची फळी रंगवून घ्यायला आलं की तो आधी एकच गोष्ट विचारायचा.

"घरातले गेलेले किती?"

संकट कसलं होतं, मरिया माउलीने कसं तारलं, ते सगळं नंतर. आलेला माणूस सांगायला उतावीळ असायचा. बैल कसा उधळला, ओंडका कसा पायावर आला, नदीने कसं ओढलं. कास्यान हात वर करायचा. "तू वाचलास ते दिसतंय मला. गेलेले सांग."

आमच्या दरीत नवसाच्या फळीवर अख्खं घर गुडघे टेकून बसतं. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, वर ढगात मरिया माउली. मेलेलेही त्याच रांगेत. आभार सगळ्या घराने मानायचे, मग त्यांना वगळायचं कसं? फक्त मेलेल्याच्या डोक्यावर एक बारीक लाल क्रूस असतो. तान्ही मुलं गेली असतील तर ती पुढे दुपट्यात गुंडाळून ओळीने ठेवलेली, भट्टीतून काढलेल्या पावांसारखी. डोंगरावरच्या देवळात आलेला कुणीही फळीपुढे थांबतो, क्रूस बघतो आणि त्या आत्म्यासाठी एक प्रार्थना म्हणतो. ओळख असो, नसो.

कास्यानला चेहरे जमत नसत. त्याची सगळी माणसं एकाच आईची वाटायची. गाईसुद्धा.

"हे माझं नाक?" गिरणीवाला एकदा फळी हातात धरून ओरडला होता.

"नाही," कास्यान म्हणाला. "तुझं मावत नव्हतं."

"मग माउली मला ओळखणार कशी?"

"आवाजावरून. तू देवळातही असाच ओरडतोस."

पोटापाण्यासाठी तो कपाटं, पेट्या, पाळणे रंगवायचा. नवसाच्या फळ्या त्याच्या आवडीच्या. तो लग्नाच्या भानगडीत पडला नाही. त्याची स्वतःची एकही फळी देवळात नव्हती. "माझ्यावर कसलं संकट आलंय?" म्हणायचा. "आणि आलं तरी फळीवर एकटाच बसणार. बरं दिसत नाही ते."

तो माझ्या वडिलांच्या वयाचा. तरीही माझा मित्र. मी इन्सब्रुकला साहित्य शिकत होतो. सुट्टीत घरी आलो की त्याच्या कामाच्या खोलीत बसून लॅटिन कविता वाचायचो, अर्थ सांगायचो. तो कपाटाच्या दारावर ट्यूलिप काढत ऐकायचा.

"थांब पंडित. तो राजा मेला की नाही?"

"कवीने सांगितलेलं नाही, काका."

"असं कसं? कुणीतरी वाट बघत असेल ना त्याची."

माझा मोठा भाऊ रोमेद सैन्यात भरती होऊन तुर्कांशी लढायला गेला. बुडा शहराच्या वेढ्यात त्याची तुकडी तटाखाली गाडली गेली, असं एका फेरीवाल्याने येऊन सांगितलं. त्याने स्वतः पाहिलं नव्हतं. ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकलं होतं. वडिलांनी रोमेदच्या आत्म्यासाठी देवळात मिस्सा, फादरांच्या प्रार्थना, सुरू केल्या. आई त्या मिस्सांना जायची नाही. तेवढा वेळ ती गोठ्यात काम काढायची.

त्याच हिवाळ्यात डोंगरावरून बर्फ सुटलं आणि गोठ्यावर आलं. आई आत होती. वडिलांनी हातांनी बर्फ उपसलं. उपसता उपसता त्यांनी नवस बोलला. आई निघाली ती गाईच्या पोटाला चिकटून बसलेली. गाय आणि ती, दोघी जिवंत. मी बातमी ऐकून धावत घरी आलो, तर ती चीज गाळत होती.

वडील, आई आणि मी, तिघं कास्यानकडे गेलो.

"गेलेले किती?" त्याने विचारलं.

"तीन तान्ही," वडील म्हणाले. "माझे आईवडील. आणि रोमेद."

"रोमेद नाही," आई म्हणाली.

"बुर्गल," वडिलांनी तिला नावाने थांबवलं.

"त्याला बसवा रांगेत. क्रूस नको."

वडील हळूच बोलले. "क्रूस नसेल तर त्याच्यासाठी प्रार्थना कोण करणार? पोरगं स्वर्गाच्या अलीकडे, शुद्धीस्थानात, एकटं अडकून पडेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय कळणार?"

"आणि क्रूस काढला तर त्याला मी मारलं. ह्या हातांनी. माझाच जीव वाचल्याच्या फळीवर."

मी साहित्याचा विद्यार्थी. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून माझा काही उपयोग नव्हता.

"घरी जा, व्हिगिल," कास्यान वडिलांना म्हणाला. "मी बघतो."

फळी देवळात लागली. पांढरं बर्फ, लाल गाय, गाईला मिठी मारलेली आई. खाली आम्ही सगळे. रोमेदच्या डोक्यावर क्रूस होता. इतरांसारखाच. वडिलांनी टोपी काढली. आई वळली आणि डोंगर उतरून गेली. त्या दिवसापासून ती कास्यानशी बोलेनाशी झाली. रस्त्यात दिसला तर ती टोपली डोक्यावरून त्याच्या बाजूच्या खांद्यावर घ्यायची, तो नजरेला पडू नये म्हणून.

कास्यानने त्यावर एक शब्द काढला नाही. माझ्यापाशीही नाही.

मी पदवी घेऊन परतलो तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. जुलै महिना, माउलीचा सण तोंडावर. गावाच्या वेशीपाशीच गिरणीवाल्याने मला धरलं.

"पंडित! तुमचा क्रूस गेला!"

"कसला क्रूस?"

"रोमेदचा! माउलीने पुसला! पोरगा जिवंत आहे!"

घरी आलो तर अंगणात रोमेदचा सदरा वाळत होता. त्याची गादी उन्हात टाकलेली. आईने त्याचा लाकडी वाडगा राखेने घासून खिडकीत ठेवला होता. ती गात होती. किती तरी दिवसांनी मी तिला गाताना ऐकत होतो. वडील पायरीवर बसले होते. हातात काहीच काम नव्हतं. ते म्हणाले, "मी दोन वर्षं जिवंत पोराच्या मिस्सा करवल्या की काय रे?"

मी डोंगर चढून गेलो. खरंच क्रूस नव्हता. आजोबांवर होता, आजीवर होता, तिन्ही दुपट्यांवर होता. रोमेदचं डोकं मोकळं. मी तिथेच बाकावर बसलो. माझा विश्वास बसत होता, हे मी लिहून ठेवलं पाहिजे.

फादर मागून आले. "बरं झालं तू आलास. लॅटिनमध्ये सगळं नीट लिहून दे. ब्रिक्सनला बिशपांना कळवायला हवं."

मी लिहायचं कबूल केलं आणि आधी कास्यानकडे गेलो. फळी त्याची होती. त्यालाही आनंद होईल असं मला वाटलं.

तो पाळण्याचा जुना रंग खरवडत होता.

"बुर्गल खूश आहे का?" त्याने वर न बघता विचारलं.

"रोमेदचा सदरा धुतलाय तिने."

त्याने हातातली पाती खाली ठेवली.

"सणाआधी बायकांनी देऊळ धुतलं. फळ्यांवर मेणबत्त्यांची काजळी बसते, एरवी ती कोरड्या फडक्याने झटकतात, यंदा ओल्याने पुसली. बाकीचे क्रूस तेलाच्या रंगात आहेत. ते शंभर वर्षं जात नाहीत. रोमेदचा मी रोगण वाळल्यावर वरून रंगवला होता. गेरू आणि डिंक. पाणी लागलं की गेला."

मी दार लोटून घेतलं.

"मुद्दाम?"

"मग काय चुकून? एवढी वर्षं फळ्या रंगवतोय मी."

"काका, मग सांगू नकोस. कुणाला कळणार आहे? ती गातेय घरात."

"माउलीच्या नावावर माझा गेरू खपवू?" तो उठला. कोपऱ्यातून एक कोरी फळी आणि ब्रश घेतला. "आणि पोरगा नाही आला तर? तर ती माउलीवर रुसेल. त्यापेक्षा माझ्यावर रुसलेली बरी. तिला सवय आहे."

तो आमच्या घरी चालत आला तेव्हा आई चुलीपाशी होती. त्याला दारात बघून ती हसली. त्या हसण्यापुढे त्याला दारातच थांबावं लागलं.

"ये कास्यान. आता कसला राग? तू काढलास, तिने पुसला."

"तिने नाही पुसला, बुर्गल."

त्याने टेबलावर फळी ठेवली. गेरूत ब्रश बुडवून एक क्रूस काढला. वाळेपर्यंत थांबला. ते थांबणं फार लांबलं. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मग त्याने आईच्या कमरेचं ओलं फडकं मागितलं आणि एकदाच पुसलं.

फळी कोरी झाली.

आई त्या कोऱ्या फळीकडे बघत राहिली. वडील भिंतीला टेकले. मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. ती पडेल असं मला वाटलं होतं.

"तेलात का नाही काढलास?" तिने विचारलं.

"माझी खात्री नव्हती."

"बाकीच्यांची होती?"

"त्यांना माती देताना मी तिथे होतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू व्हिगिलला सांगितलं असतंस. मग त्याला प्रार्थना खोट्या वाटल्या असत्या."

ती बाकावर बसली. तिने दोन्ही हात मांडीत घेतले. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. मला त्यातली चांगली चांगली पाठ होती.

"दोन वर्षं," ती म्हणाली, "मला वाटत होतं, ह्या दरीत वेडी मी एकटीच."

"नाही," कास्यान म्हणाला. "दोघं होतो."

ती रडली. पण मी घाबरलो होतो तसं नाही. डोळे पुसून ती उठली, खिडकीतला रोमेदचा वाडगा घेतला, त्यात सातूचं सूप ओतलं आणि कास्यानपुढे ठेवलं. वर चीजचा मोठा तुकडा.

"खा. किती वाळलायस. कुणी जेवायला बोलावत नाही वाटतं तुला."

"दोन वर्षं एक घर कमी झालं होतं," तो म्हणाला आणि खायला लागला.

वडील अजून भिंतीपाशीच होते. "माझ्या मिस्सांचं काय पण?"

"तो गेला असेल तर पोचल्या," कास्यान तोंडात घास घेऊन म्हणाला. "जिवंत असेल तर सैनिकाला त्या जास्तच लागतात."

वडील हसले. मग तेही जेवायला बसले.

फादरांना सांगायला मी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरंच झालं एका अर्थी. ब्रिक्सनहून चौकशीला माणसं आली असती. ती जेवतात फार."

कास्यान निघताना आईने त्याला दारात अडवलं.

"तो क्रूस परत काढ. लोकांना प्रार्थना म्हणू दे."

"तेलात?"

"अंगात आलंय का तुझ्या? गेरूत."

त्यानंतर दरवर्षी तसंच चाललं. सणाआधी बायका देऊळ धुवायच्या, क्रूस जायचा. दुसऱ्या दिवशी कास्यान डोंगर चढून परत काढायचा. सगळ्या गावाला माहीत होतं. गिरणीवाला म्हणायचा, आमच्या दरीत एकच माणूस असा आहे जो दरवर्षी एक दिवस जिवंत होतो. त्या एका दिवशी आई देवळात जाऊन बसायची. रोमेदच्या मोकळ्या डोक्याकडे बघत. खाली आली की कास्यानला जेवायला बोलवायची.

रोमेद आला नाही. तो गेल्याचंही कुणी सांगितलं नाही.

कास्यान ह्या वसंतात गेला. पाळणा रंगवताना. अर्धा ट्यूलिप राहिला होता. त्याला माती देताना सगळी दरी आली होती. ज्यांच्या गाईंना त्याने एकच तोंड दिलं होतं, ते सगळे. मी काहीतरी बोलावं असं फादरांनी सुचवलं. मी उभा राहिलो आणि बसलो.

घरी येताना आई म्हणाली, "त्याची फळी नाही कुठे."

"तो नको म्हणायचा."

"एकटा बसणार म्हणून. आमच्या रांगेत जागा आहे."

खालच्या दरीतला चितारी आमच्या फळीसाठी देवळात आला. तो कास्यानपेक्षा चांगले चेहरे काढतो. आईने त्याला चेहरा काढू दिला नाही. बाकीच्यांसारखाच काढा, म्हणाली. त्याने रोमेदच्या शेजारी एक लहानसा म्हातारा गुडघे टेकून बसवला. मग लाल रंग घेतला.

"ह्यांचा क्रूस?"

"तेलात," आई म्हणाली. "त्याला मी माती दिलीय."

चितारी ब्रश रोमेदकडे नेऊ लागला. सण नुकताच झाला होता, ते डोकं मोकळं होतं.

"तो राहू द्या. तो माझ्याकडे आहे."

तिने शालीखालून वाटी काढली. गेरू तिने घरीच डिंकात कालवून आणला होता. मी तिला बाकावर चढायला हात दिला. क्रूस थोडा वाकडा आला. तिने मान तिरकी करून तो पाहिला.

"चालेल," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नीट काढू."