नसीमबीनं हात भरला नाही

हिवरखेडातल्या बायांना पोटातलं कोणाला सांगायचं असलं, की त्या नसीमबानो चुडीवालीची वाट पाहत. डोक्यावरची टोपली उतरवून ती अंगणात बसली, की बाई तिच्यापुढं हात करायची. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या मुठीत हात दिला त्याच्यापासून काय लपून राहतं? कोणाला कणकण आहे, कोण रडून आली आहे, सगळं तिला बांगडी चढवता चढवता कळायचं. सत्तावीस वर्षांत या घरचं त्या घरी तिनं कधी केलं नाही.

दोन हजार सहाची दिवाळी तोंडावर आली होती. पेपरवाले गावोगाव फिरून कर्जापायी जीव दिलेल्या गडीमाणसांची नावं लिहून नेत होते. बायांच्या ओटीपोटातलं दुखणं लिहून न्यायला कोण येतं बाप्पा! त्या ताप अंगावर काढत अन् कापूस वेचायला जात.

भागीरथाबाईच्या अंगणात नसीमबीनं तिच्या धाकट्या सुनेचा, ज्योत्स्नाचा हात धरला अन् ती दचकली. हात भाजत होता. पोरगी पोट दाबून एका अंगावर कलंडली होती.

"गोया पुऱ्या घेतल्या ना?" नसीमबीनं हळूच विचारलं.

उन्हाळ्यात ज्योत्स्नाचा गर्भ पडला होता. तेव्हापासून अंगावरून पांढरं जायचं, वास यायचा, ओटीपोट ठणकायचं. वीस दिवसांपूर्वी नसीमबीच तिला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाईनं नीट समजावलं होतं. जंतू खालून वर चढून गर्भपिशवीत अन् नळ्यांत गेलेत. चौदा दिवस गोळ्या, बायकोनं घ्यायच्या अन् नवऱ्यानंही. तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत यायचं. बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत, नाहीतर नळ्या बंद होतात. पोटात पू झाला तर जीवही जातो.

ज्योत्स्नानं मान खाली घातली. "अर्ध्या शकुनबाईले देल्या."

शकुन म्हणजे तिची थोरली जाऊ.

"काहून वं?"

"तिले बी तसंच जाते. म्हणे, मले कोण नेते अकोल्याले? अन् मले सात दिवसांत बरं वाटलं होतं, खाला."

घ्या! भाकर मोडून दोघींत खायची सवय, तशाच गोळ्याही वाटून घेतल्या. पुरतं औषध ना हिच्या पोटात गेलं, ना तिच्या. अन् नवऱ्याच्या, ललितच्या गोळ्या? त्या देवळीत जशाच्या तशा पडल्या होत्या. "मले काय धाड भरली?" म्हणाला होता शहाणा.

नसीमबीला संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. विसाव्या वर्षी तिनंही अशाच गोळ्या चौथ्या दिवशी टाकून दिल्या होत्या. मग जन्मभर लोकांनी तिच्या रिकाम्या ओटीकडं बोट दाखवलं. इथं तर पोरीचा जीवच चालला होता.

"भागीरथाबाई, इले आत्ताच्या आत्ता अकोल्याले न्या."

"उष्णता हाय ते. धन्याजिऱ्याचं पाणी देऊन राहिली मी. दिवाळी झाली की पाहू. तू चुड्या भर."

"पोटात पू झाला असन त दिवाळी पाहणार नाई हे."

"नसीमबी, चुडीवालीनं चुड्या भराव्या!"

चुड्या भरायला जमलेल्या चार बाया माना वळवून पाहू लागल्या. नसीमबीनं बाहेर काढलेल्या हिरव्या चुड्या पुन्हा दोऱ्यात ओवल्या. टोपलीवर फडकं टाकलं.

"मी या हातात चुडा भरत नाई."

माय वं! सवाष्णीनं पुढं केलेला हात चुडीवालीनं रिकामा सोडायचा? एवढं अभद्र त्या अंगणात कोणी कधी बोललं नव्हतं. एक बाई तोंडाला पदर लावून उठूनच गेली. उद्यापासून या गावात तिच्यापुढं हात कोण करणार होतं? तिची भाकरच त्यावर होती. पण शब्द तिनं मागं घेतला नाही.

भागीरथाबाई पांढरीफटक पडली. "असं नको वं करू..." अन् मग ती ओरडली, "ललित! गाडी आन, लवकर!"

काळीपिवळी जीपमध्ये ज्योत्स्नाचं डोकं नसीमबीच्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला पोरगी कण्हायची अन् नसीमबी अल्लाचं नाव घ्यायची. दवाखान्यात तपासलं, तर नळीपाशी पू धरला होता. "आणखी उशीर झाला असता तर आत फुटलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिनं भरती करून घेतलं, सुईवाटे औषध सुरू केलं. दोन दिवस ताप हटेना. तिसऱ्या दिवशी पोरीनं चहा मागितला, तेव्हा नसीमबी व्हरांड्यात बसून घळाघळा रडली. पुढं मूल राहील का, ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. शकुनलाही तपासून तिच्या वेगळ्या गोळ्या दिल्या. ललितनं पहिली गोळी गिळेपर्यंत नसीमबी त्याच्यासमोरून हलली नाही.

महिन्याभरानं तिनं त्याच अंगणात ज्योत्स्नाचे दोन्ही हात भरले. सून आत गेली. नसीमबी टोपली उचलायला वाकली, तोच भागीरथाबाई समोर येऊन बसली. नवरा गेल्यापासून नऊ वर्षांत तिनं चुडीवालीपुढं हात केला नव्हता. आज तिनं उघडं मनगट पुढं केलं.

"चुड्या नको," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नुसता धरून पाह्य. मले बी जाते वं, सहा वर्षं झाले. मी बी त्याले उष्णताच म्हणत होती."

नसीमबीनं टोपली खाली ठेवली अन् तो हात दोन्ही हातांत घेतला. "सकायच्या गाडीनं जाऊ," ती म्हणाली.