मास्तरांचा तंबू

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना कपडे शिवून घातले. माणसाचा बांधा कसा का असेना, आरशासमोर उभं राहिल्यावर आपण बरे दिसतो असं त्याला वाटलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कोणाचं काय झाकायचं हे त्यांना टेप लावायच्या आधीच कळायचं, आणि कळलेलं ते कोणाजवळ बोलायचे नाहीत. जावयाचा डावा खांदा जरा उतरलेला आहे हे लग्नाचा कोट शिवताना त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आतून कापसाची जाड घडी घातली आणि मूग गिळून बसले. पोटच्या पोरीलासुद्धा सांगितलं नाही.

असा माणूस म्हातारपणी नेमका अशा खोलीत येऊन पडला, जिथे कोणी काही झाकतच नव्हतं.

झालं होतं असं, की एका दुपारी मास्तर दुकानात चक्कर येऊन पडले. शटर अर्धं खाली ओढलेलं, त्यामुळे बराच वेळ कोणाला पत्ताच नाही. कंबर दुखावली. लेक आली आणि चार दिवस म्हणून आपल्या घरी घेऊन गेली. ते चार दिवस काही संपेनात. लेकीच्या घरात सगळं होतं, फक्त मास्तरांना काम नव्हतं. खिडक्या बंद, रस्ता खाली कुठेतरी, आणि दिवसभर फ्रिजची घरघर. "माझं मशीन तरी मागवून घे गं," ते म्हणायचे. "बघू या, बाबा," लेक म्हणायची आणि दूध उतू जात नसलं तरी स्वयंपाकघरात पळायची. दुकानाची किल्ली मास्तरांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. झोपताना ती चाचपून बघायचे आणि मगच कुशीवर वळायचे. बरं वाटलं की परत जायचं, या एका गोष्टीवर त्यांचे दिवस चालले होते.

डॉक्टरने कंबरेसाठी पाण्यात चालायला सांगितलं आणि जावयाला आनंद झाला. त्याचं घराणंच पोहणाऱ्यांचं. बाप, काका, चुलतभाऊ, सगळे लहानपणापासून एकाच खोलीत कपडे उतरवून पाण्यात उड्या मारत आलेले. रविवारी सकाळी तो सासऱ्यांना घेऊन पोहण्याच्या तलावावर निघाला.

कपडे बदलायची खोली म्हणजे दोन लांब बाकं आणि भिंतीभर लॉकर. ना पडदा, ना आडोसा. पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून साबण लावून अंघोळ करायची, असा नियम. एक गृहस्थ जन्माला आल्यासारखे उभे राहून, एक पाय बाकावर ठेवून, शेजाऱ्याला गाडीच्या क्लचचं काहीतरी समजावत होते. मास्तर आत शिरले आणि त्यांची दातखीळच बसली. त्यात जावयाने बोलता बोलता अंगावरचं सगळं उतरवलं आणि वळून विचारलं, "बाबा, साबण आणलाय ना?"

ज्याला जन्मात कधी 'अरे' म्हटलं नाही, तो जावईबापू असा पुढ्यात! मास्तरांनी छताकडे बघत उत्तर दिलं. पण डोळे मेले सवयीचे गुलाम. त्या एका नजरेत त्यांनी छाती, कंबर आणि डावा खांदा मापून घेतलाच.

त्या दिवशी त्यांनी टॉवेल दातात धरून कसेबसे कपडे बदलले. तिथली गंमत अशी, की उघड्या माणसाकडे कोणी ढुंकून बघत नसे. लपणाऱ्याकडे मात्र सगळे बघत. घरी येऊन मास्तरांनी जुनी चादर मागितली आणि हाताने टाके घालत एक तंबू शिवला. गळ्याला इलॅस्टिक, खाली पायापर्यंत घेर. डोकं बाहेर, बाकी सगळा कारभार आत. रविवारी तो घालून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले तेव्हा क्लचवाल्या गृहस्थांनीसुद्धा हात जोडले. तलावावरच्या रखवालदाराने एवढंच विचारलं, "काका, लॉकरची किल्ली मनगटाला बांधतात. ही गळ्यात कसली?"

"दुकानाची," मास्तर म्हणाले. हे सांगताना त्यांना फार बरं वाटलं.

असे बरेच रविवार गेले. कंबर सुधारली, मास्तर कठडा न धरता जिने चढू लागले. एका रविवारी पाण्यातून बाहेर आल्यावर ते तंबूत शिरले. ओली चड्डी गुडघ्यांपर्यंत उतरवली होती आणि हात आत अडकलेले, तेवढ्यात ते म्हणाले, "जावईबापू, पुढच्या आठवड्यात मला सोडता का? दुकान उघडीन म्हणतो."

जावई समोरच्या बाकावर तसाच बसला होता. केसांतून पाणी ठिबकत होतं. त्याच्या घरात अवघड बोलणं असंच व्हायचं, पोहून आल्यावर, काही अंगावर नसताना.

"बाबा, दुकान नाहीये आता," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आम्ही सोडलं. जागेच्या मालकाने कुलूप बदललं. मशीन एकाला देऊन टाकलं. तुम्ही परत तिथे पडलात आणि कोणाला कळलंच नाही तर, या भीतीने तिला झोप येत नव्हती. तुमच्याशी बोलायचा धीर होईना तिला. म्हणून मी सांगतोय."

निघून जावं तर गुडघ्यांत चड्डी, तोंड झाकावं तर हात तंबूत. आपल्याच हाताने घातलेल्या टाक्यांत मास्तर उभे होते आणि खोलीत कोणीतरी मोठ्याने हसत होतं. पोरीने हे केलं. रोज गरम पोळी वाढताना तिला हे ठाऊक होतं.

मग त्यांनी आतून इलॅस्टिक ताणलं आणि तंबू पायांशी पडू दिला. चड्डीही पायाने सारली. जावयासमोर ते तसेच उभे राहिले. वाळलेलं अंग, लोंबणारं पोट, छातीवर किल्ली.

खोलीत कोणी वळूनही बघितलं नाही. जावयाने मात्र मान खाली घातली, चाचपडत टॉवेल शोधला आणि स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

"का हो? तुमच्याकडे चालतं ना?" मास्तर म्हणाले. "मला एकदा विचारायचं तरी होतं. नाहीच म्हणालो असतो. पण विचारायचं तरी."

घरी लेकीने दार उघडलं, बापाचा चेहरा बघितला आणि पानं वाढायला आत वळली. जायला दुसरी जागा नव्हती. मास्तर जेवायला बसले.

पुढच्या रविवारी तंबू घरीच राहिला. जावई भिंतीकडे तोंड करून, टॉवेल दातात धरून कपडे बदलत होता. उतरलेला खांदा आणखीच उतरलेला दिसत होता. मास्तर केव्हाच अंघोळ करून दारापाशी जाऊन उभे होते. रखवालदार नवा होता.

"काका, ही गळ्यात कसली किल्ली?"

"दुकानाची," मास्तर म्हणाले आणि पाण्यात उतरले.