नाडी शोधू नका, कान लावा

डॉ. मृणालिनी कोतवडेकर साठ वर्षांच्या झाल्या, हे गौरवग्रंथ समितीचे पत्र आले तरी मला खरे वाटेना. माझ्या डोळ्यांपुढे त्या अजून आठवीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसलेल्या आहेत. रत्नागिरीच्या शाळेत मी नवाच मराठी शिकवायला लागलो होतो. कविता म्हणजे गायचीच, असा माझा हट्ट. मृणालिनीताईंचा सूर काही केल्या लागत नसे. पण सारा वर्ग चालीच्या भरात धावत सुटला, की बाकावर बोटांनी ठेका धरून त्याला जागेवर आणत त्याच. मी म्हटले, "तू गाऊ नकोस, ठेका धर." त्या हसल्या. पुढे हृदयशल्यविशारद होऊन त्यांनी मुंबईत किती हृदयांचा ठेका सावरला, ते या ग्रंथात जाणकार लिहितीलच. मी लिहिणार आहे ते माझ्या धाकट्या भावाबद्दल.

वसंताची राजापूरजवळ आंब्याची बाग आहे. त्याचे हृदय थकत थकत अगदी हरले. दुसरे हृदय बसवण्याजोगी त्याची प्रकृती नव्हती. उरला होता एकच उपाय, हृदयाला जोडायचा यांत्रिक पंप. पोटातून बाहेर येणारी एक वायर आणि कमरेला सतत बॅटऱ्या नि बिघाड झाला की वाजणारे एक छोटे यंत्र. मी मुंबईत ताईंपुढे हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "सर, ऑपरेशन मी करीन. पण आधी मला घर बघू दे."

आणि त्या खरोखर आमच्या वाडीत आल्या. विजेची जोडणी तपासून घेतली, जखमेची पट्टी कुठे बसून बदलणार ते विचारले, आमच्याकडे आमटीभात जेवल्या. वसंता पंप घेऊन घरी परतला, तेव्हा पुन्हा आल्या आणि सगळी वाडी घरापुढच्या अंगणात, खळ्यात जमवली.

"या पंपाला ठोके नाहीत. रक्त सारखं वाहत राहतं. म्हणून मनगटाला नाडी बहुधा लागणार नाही. नाडी शोधू नका, छातीला कान लावा."

शेजारच्या तात्यांनी विचारले, "म्हंजे वसंत्याच्या छातीत पानी खेचायचा पंप? लाईट गेली की काय करायचा?"

"म्हणून तर बॅटऱ्या, तात्या. तुमच्या पंपासारखा हा मार्चमध्ये बिघडून चालायचा नाही."

सगळे हसले. मग एकेकाने कान लावला. मीही लावला. आत एकसंध गुणगुण चालली होती, कुठे यतीच नसलेल्या ओळीसारखी. माझे डोळे भरून आले.

पुढच्या शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घराघरांत फिरत होती. पालखी पुजून होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे वसंताचे पूर्वापार व्रत. ते त्याने त्याही वर्षी धरले, कुणाला न सांगता. भर उन्हात पालखी खळ्यात आली आणि तो देवीपुढे नारळ ठेवता ठेवता कोसळला. कमरेचे यंत्र किंचाळू लागले. तात्यांनी मनगट धरले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"नाडी नाय लागत! गेला रे वसंता!"

ढोल थांबले. बायांनी रडायला सुरुवात केली. कुणीतरी तुळशीपत्र आणायला धावले. तेवढ्यात वसंताची बायको शालन पुढे झाली आणि तिने त्याच्या छातीला कान लावला.

"कोनी रडायचा नाय! आत चालू हाय!"

तिनेच मुंबईला फोन लावला. ताईंनी तिकडून एकेक जोडणी पाहायला लावली, त्याला आडवे ठेवून तडक रत्नागिरीला हलवायला सांगितले, आणि गाडी पोचण्याआधी तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवले. अंगातले पाणी आटले होते, पंपाला पुरेसे रक्तच मिळत नव्हते. सलाईन लागले आणि संध्याकाळपर्यंत वसंता बोलू लागला.

ताई भेटायला आल्या, तेव्हा आता बोलणी बसणार म्हणून वसंता मान घालून बसला होता. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, वसंतराव. मी औषधं विचारली, पथ्यं विचारली. व्रतं विचारलीच नाहीत." आज त्यांच्या विभागात प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी हा प्रश्न विचारतात. कुणी रोजे सांगतो, कुणी निर्जळी एकादशी. कुणाच्याही श्रद्धेला न हसता त्यातून वाट काढली जाते. आमच्या वाडीत त्या स्वतः देवीच्या वयोवृद्ध मानकऱ्यांना विचारायला गेल्या, की पाणी पिऊन पूजा चालेल का? मानकरी म्हणाले, "देवीनं कदी मागितलान उपास, बाय? आमीच धरताव."

मोठा शल्यविशारद हाताने ओळखला जातो, असे म्हणतात. मला वाटते, चुकल्यावर तो काय विचारायला शिकतो, त्यानेही ओळखावा.

ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, हे मी माझ्या शब्दांत लिहायला बसलो होतो. पण यंदाच्या शिमग्याला आमच्या खळ्यात ते माझ्याहून चांगले सांगून झाले. मानकऱ्यांनी पालखीपुढे सगळ्यांच्या वतीने विनवणीचे गाऱ्हाणे घातले, "देवी म्हाराजा, आमच्या डाक्तरीनबायला साठ वर्सा झाली. तिच्या हाताला येश दे, तिला उदंड औक्ष दे, तिच्या वाटंला काय आडवा आला आसंल तर दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारी वाडी म्हणाली. त्यात वसंताचा आवाज सगळ्यांत मोठा होता.