ते पित्त नव्हतं

माझा मेव्हणा पेरू देशातल्या डोंगरात दारू पिऊन पडला, असं सासरच्या पाचोडपासून मुकुंदवाडीपर्यंत आमच्या सगळ्या नात्यात सांगितलं जातं. ते खोटं आहे. तो प्यायला नव्हता. प्यायलो होतो मी. तो आजारी पडला माझ्या हट्टामुळं, आणि दारूची गोष्ट घरी फोनवर सांगितली तीही मीच. पुढं जवळपास दोन वर्षं मी ती तशीच राहू दिली.

मी शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पेरूचा नकाशा फळ्यावर काढताना मला दरवर्षी एकच वाटायचं: एका बाजूला समुद्राला चिकटलेलं वाळवंट, मधे बर्फाचे डोंगर, पलीकडं घनदाट जंगल, हे सगळं पाठीवर पिशवी टाकून एका दमात पाहायचं. चाळिशी उलटल्यावर ते जमलं. सोबत बायकोचा धाकटा भाऊ आला. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, वाळूजला कारखान्यात नोकरीला. वडील नव्हते. कॉलेजात असताना एकदा मित्रांबरोबर पिऊन घरी आला होता, तेव्हा आईनं गळ्याची शपथ घातली. ती त्यानं नऊ वर्षं पाळली होती. निघायच्या आधी त्याची सोयरीक जवळजवळ ठरली होती. मुलीकडचं घर माळकरी. ती दोघं चार महिने फोनवर बोलत होती, आणि त्या फोनसाठी तो किनाऱ्यावरच्या लिमा शहरात रोज रस्त्यावर उभा राहायचा, कारण खोलीत रेंज नसायची.

आमच्याकडं मेव्हणा दाजीला नाही म्हणत नाही. मी सासरी गेलो की स्टँडवर माझ्या हातातली पिशवी तो काढून घेणार, माझं ताट झाल्यावर जेवणार, मी म्हणेन ती पूर्व दिशा. हा मान आहे, असं मी समजत होतो. त्याचा धोका मला कधी दिसला नाही.

किनाऱ्यावर आम्ही पाच दिवस काढले. समुद्र समोर आणि पाठीमागं गवताची काडी नसलेलं वाळवंट. आकाश सकाळपासून धुक्यानं भरलेलं, पण पाऊस म्हणून नाही. वाळूच्या टेकडीवर चढून बसल्यावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, आपल्या पाचोडला दुष्काळी म्हणणाऱ्यांना इथं आणून सोडलं पाहिजे." खाणावळीत एका ताटात भात आणि तळलेले बटाटे एकत्र आले तेव्हा त्यानं फोटो काढून आईला पाठवला. खाली लिहिलं, ‘पोळी रुसलीय.’

सहाव्या दिवशी आम्ही डोंगरात निघालो. माझ्याकडच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की वाटेत मधल्या उंचीच्या गावी दोन दिवस थांबावं, शरीराला सवय होऊ द्यावी. मी ते पान वाचलं होतं. पण रजा अठरा दिवसांची, जंगलही पाहायचं, आणि मी दर रविवारी देवगिरीचा किल्ला चढणारा माणूस. मी ते दोन दिवस खोडले. समुद्रावरून बसमध्ये बसलो ते त्याच दिवशी दुपारी जवळपास चार हजार मीटरवर उतरलो.

गाव मातीच्या विटांचं. बायका घेरदार लुगड्यासारखे झगे आणि वर टोप्या घालून बटाटे वाळत टाकत होत्या. कचेरीत स्पॅनिश आणि घरात त्यांची जुनी भाषा. आपल्याकडं घरात मराठी आणि बाजारात दखनी चालते, तसंच. साठीच्या एका बाईंनी आम्हाला खोली दिली. मी वहीत टिपणं काढत बसलो, आणि मेव्हणा त्यांच्यासोबत अंगणात बटाटे सोलायला बसला. एकही शब्द येत नसताना तासाभरात दोघं हसत होती.

संध्याकाळपासून त्याचं डोकं ठणकायला लागलं. सकाळी उलटी झाली.

"पित्त झालंय," मी म्हणालो. आमच्याकडं डोकं आणि उलटी म्हटलं की पित्तच. मी त्याला पित्ताची गोळी दिली, लिंबू-मीठ दिलं, वर उपाशी राहू नको म्हणून दामटलं.

"व्हय दाजी," तो म्हणाला. गोळी घेतली, ती पण बाहेर पडली.

घरमालकिणीनं येऊन त्याच्या छातीवर हात ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि रस्त्याकडं बोट केलं. खाली. मग पुन्हा, जरा जोरात, खाली. मी हात जोडून हसलो. काळजी करू नका, असं मला म्हणायचं होतं.

त्याच दिवशी ऊन कलताना तिनं मक्याची दारू काढली. पहिली धार मातीवर सांडली, मग आम्हा दोघांना पेले दिले. मेव्हण्यानं पेला कपाळाला लावला आणि माझ्याकडं सरकवला. "तिला वाईट नको वाटायला. तुम्हीच घ्या." मी दोन्ही प्यायलो. तेवढीच दारू. बस.

दुसऱ्या दिवशी खिंडीपलीकडचं तळं पाहायचं होतं. तो पलंगावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बोटं नीट चालत नव्हती.

"दाजी, डोकं फुटायलंय. आज नाय गेलं तर?"

"चाललास की उतरेल. भद्रा मारुतीला खुलताबादपर्यंत पायी जातोस ना?"

"जातो की."

"मग?"

त्यानं पिशवी उचलली. "मग चला," म्हणाला.

मी पुढं चालत होतो, फोटो काढत. दोन तासांनी मागं पाहिलं तर तो एका दगडावर बसला होता. जवळ गेलो. ओठ जांभळे, नखं जांभळी. श्वासाबरोबर छातीतून घागर बुडताना येतो तसा आवाज येत होता. त्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, "दाजी, पैठणची गाडी गेली का?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. मी हसलोसुद्धा. मग त्यानं पुन्हा तेच विचारलं.

पंधरा-सोळा वर्षं मी मुलांना शिकवतोय की उंचीवर हवा विरळ होते. ते वाक्य मला त्या दगडापाशी आठवलं. ते परीक्षेला येणारं वाक्य होतं. त्याचा माणसाच्या छातीशी काही संबंध आहे हे मला तिथं, त्या आवाजात, पहिल्यांदा कळलं.

खेचरावर बटाट्याची पोती घालून एक शेतकरी खिंडीतून येत होता. त्यानं एक शब्द विचारला नाही. पोती रस्त्याच्या कडेला उतरवली, तिथंच सोडली, आणि मेव्हण्याला खेचरावर आडवं घातलं. सडकेवर ट्रक मिळाला. ट्रक पलीकडच्या उताराला लागला, आणि ज्यासाठी मी आलो होतो ते सगळं समोरून जायला लागलं. आधी पिवळं गवत, मग ढगात बुडालेली झाडं, मग ओलं हिरवं रान, मग केळी. तीन-चार तासांत थंडीतून आम्ही उकाड्यात आलो. मी काहीच पाहिलं नाही. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी श्वास मोजत होतो.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्या मोबाईलवर लिहायच्या, मोबाईल ते मला समजेल अशा भाषेत दाखवायचा. डोकं कधीपासून दुखत होतं? मी लिहिलं, परवा. तुम्हाला कधी सांगितलं? परवा. समुद्रावरून किती दिवसांत वर आलात? एका. त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग अर्ज भरताना व्यवसाय विचारला. शिक्षक. कोणता विषय?

मी गणित लिहिलं. भूगोल लिहायला हात धजला नाही.

ते पहिलं खोटं. दुसरं अर्ध्या तासात बोललो.

बायकोला फोन केला. ती रडत नव्हती, तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. "असा धडधाकट पोरगा एकदम कसा पडला? तुम्ही काय करत होतात?"

मी सांगणार होतो. आठवतं मला, तोंड उघडलं तेव्हा मी खरंच सांगणार होतो. बाहेर आलं ते हे: "तिथली मक्याची दारू घेतली त्यानं. मी नको म्हणत होतो."

मग ती म्हणाली, "आईला काय सांगू मी?"

फोन ठेवून वळलो, तर मास्कच्या वर त्याचे डोळे उघडे होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मिटले. झोपेत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

चौथ्या दिवशी त्याला बोलता यायला लागलं. मीच फोन त्याच्या कानाला धरला. ताईला तो म्हणाला, "व्हय ताई, चुकलं माझं. दाजी होते म्हणून वाचलो."

त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं माझ्या खोट्याला स्वतःहून खांदा दिला होता, आणि मी तो घेतला. त्या खोलीत मी त्याला एवढंच विचारलं, "चहा घेतोस?"

घरी आल्यावर माझं कौतुक झालं. दाजीनं परमुलखात पोरगा मरणाच्या दारातून ओढून आणला. कॉलेजात मी पेरूवर भाषण दिलं, वाळवंटाचे फोटो दाखवले. पाचोडच्या बाजारात मात्र दुसरी गोष्ट फिरत होती. सासूबाईंनी ती फक्त बहिणीला सांगितली होती. दोन बाजार उलटायच्या आत मुलीच्या वडिलांचा निरोप आला: पोरगा गुणाचा आहे, पण आमचं माळेचं घर, आम्हाला नको. त्या मुलीनं एकदा स्वतः फोन करून त्याला विचारलं होतं, खरं काय ते सांग. तो म्हणाला होता, खरंच आहे. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. त्याला त्यानंतर तीन स्थळं आली, तिन्ही चौकशीला बाजारापर्यंत पोहोचली आणि परत गेली.

मी हे सगळं पाहत होतो. दर वेळी वाटायचं, पुढच्या भेटीत बोलू.

मग धोंड्याचा महिना आला. दर तिसऱ्या वर्षी येणाऱ्या या अधिक महिन्यात सासरी जावयाला बोलावून त्याचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे जेवू घालतात. पाचोडला मला पाटावर बसवलं. समोर परात ठेवली. सासरे नाहीत, म्हणून पाय धुवायला मेव्हणा बसला. त्यानं तांब्या वाकडा केला, पाणी माझ्या पायावर पडलं, आणि मी पाय मागं ओढले.

"काय झालं जावईबापू? पाणी लई गार हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. "मामी," मी म्हणालो, "यानं माझे पाय धुवायचे नाहीत."

आणि सांगितलं. पुस्तकातलं खोडलेलं पान, घरमालकिणीचं बोट, दोन पेले, फोन. मधे मेव्हणा एकदा म्हणाला, "दाजी, जाऊ द्या ना आता."

बायको दारात पुरणाचं भांडं घेऊन उभी होती. "मला म्हणालात, मी नको म्हणत होतो."

"खोटं होतं ते."

तिनं भांडं खाली ठेवलं आणि भावाकडं वळली. "आन तू? तू का गप बसलास?"

"दाजींना खोटं पाडू का मी? तुला नांदायचंय तिथं."

"माझं नांदणं इतकं कच्चं हाय का रे?"

सासूबाई मुलाकडं बघत होत्या. "महिनाभर बोलले नाही मी ह्याच्याशी," त्या म्हणाल्या. "शपथ मोडली म्हणून ह्याच्या हातचं पाणी नाही घेतलं."

"मामी, मी घाबरलो होतो. तुम्हाला काय तोंड दाखवू, असं वाटलं."

"फोनवर घाबरलात, ते समजलं. माणूस घाबरतो. पुढची दोन वर्षं कशाला घाबरलात?"

मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

"माझ्याकडं नगा बघू," त्या म्हणाल्या. "ज्याची माफी हाय त्याच्याकडं मागा."

मी पाटावरून उतरलो आणि परातीच्या कडेला ओल्या फरशीवर त्याच्यासमोर बसलो. तांब्या अजून त्याच्या हातात होता. मी त्याच्या पायाला हात लावला तसा तो मागं सरकला. "उठा दाजी, हे बरं दिसत नाय," तो म्हणाला. मी उठलो नाही.

"तू डोकं दुखतंय म्हणालास, ते मी ऐकलं होतं. आज नको जायला म्हणालास, तेही ऐकलं होतं. दारू मी प्यायलो आणि नाव तुझं घेतलं. तुझी सोयरीक माझ्यामुळं मोडली, ती आता मला जोडता येत नाही. उद्या मी त्या मुलीच्या वडिलांकडं जाईन आणि बाजारात ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांच्याकडंही, आणि हेच सांगेन. चूक माझी होती, सगळी माझी. मला माफ कर."